गोलांचा हिशोब आणि खेळाडूचे मोल

शालेय क्रीडास्पर्धा आटोपल्या की कोणी किती गोल केले याचीच चर्चा वर्गावर्गांतून चालते, आणि घरी परतलेल्या मुलास पालकही प्रथम तोच प्रश्न विचारतात. विजयाचा आनंद मानू नये असे आमचे म्हणणे नाही. परंतु केवळ बेरीज पाहून खेळाडूची योग्यता ठरविण्याची जी सवय आपणा सर्वांस जडली आहे, ती मुलांच्या हिताची नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते पटवून देण्यासाठी आपल्याच महाराष्ट्रातील एका थोर हॉकीपटूचे उदाहरण आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

श्री. धनराज पिल्ले यांचा जन्म १९६८ साली पुण्याजवळील खडकी येथे एका गरीब तमिळ कुटुंबात झाला. वडील तेथील दारूगोळा कारखान्याच्या मैदानाची निगा राखीत. मोडक्या काठ्या व टाकून दिलेले चेंडू घेऊन ही भावंडे त्याच मैदानावरील चिखलात खेळत, आणि माता त्यांस अडविण्याऐवजी उत्तेजनच देई. पुढे वडील बंधू रमेश यांनी धनराजांस मुंबईस आपल्यापाशी नेऊन आघाडीच्या खेळाचे धडे दिले. महिंद्र कंपनीच्या संघात त्यांस जोकिम कार्व्हालो यांच्यासारखा मार्गदर्शक लाभला. १९८९ साली ते भारताच्या संघात आले व २००४ पर्यंत खेळले. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार आशियाई क्रीडास्पर्धा व चार चँपियन्स करंडक एवढ्या स्पर्धांत, सुमारे ३३९ सामन्यांत, त्यांनी देशाची सेवा केली. १९९९-२००० सालचा खेलरत्न पुरस्कारही त्यांस मिळाला.

आता या पुरुषाने गोल किती केले? सुमारे १७० केले असे मानतात. परंतु त्यांची अधिकृत मोजदाद कोणी ठेविलीच नाही. चार वेळा ऑलिंपिकला जाऊनही त्यांच्या हाती एकदाही पदक आले नाही. केवळ आकड्यांवर भिस्त ठेवणाऱ्याने या कारकिर्दीस काय नाव द्यावे? आणि तरीही ज्यांनी त्यांस चेंडू घेऊन वाऱ्यासारखे धावताना पाहिले, त्यांस त्यांची थोरवी कोणी सांगावी लागत नाही.

१९९८ सालचा बँकॉक येथील प्रसंग या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. आशियाई क्रीडास्पर्धेत भारतीय संघाचे नेतृत्व धनराजांकडे होते. दक्षिण कोरियाशी झालेला अंतिम सामना बरोबरीत राहिला व निकाल पेनल्टी स्ट्रोकांवर गेला. त्या निर्वाणीच्या घटकेस गोलरक्षक आशिष बल्लाळ यांनी प्रतिपक्षाचे फटके अडविले, म्हणून १९६६ नंतर प्रथमच, म्हणजे बत्तीस वर्षांनी, या स्पर्धेतील हॉकीचे सुवर्णपदक भारतास लाभले. गोलरक्षकाच्या नावावर गोल मांडला जात नाही; मग त्या सुवर्णातील त्यांचा वाटा कोणत्या वहीत मांडावा?

हे मर्म हुपरीकरांस आम्ही सांगावे असे नाही. येथील चांदीचे पैंजण बाजारात झळकते तेव्हा गिऱ्हाईक त्याचा उजाळा तेवढा पाहते. परंतु कोणी चांदी आटविलेली असते, कोणी तार ओढलेली असते, कोणी कडीस कडी जोडलेली असते. यांपैकी एकाचा हात चुकला तर उजाळा देणाऱ्याचे कौशल्य व्यर्थ होय. प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिताना शरीर व अवयव यांचा दृष्टान्त दिला आहे, त्याचेही तात्पर्य हेच. गोल करणारा हा संघाचा एक अवयव आहे, सर्व शरीर नव्हे.

कित्येक पालक म्हणतील, ‘खेळाने पोट भरत नाही, धनराज एखादाच.’ हे खरे आहे, आणि ते आम्ही नाकारीत नाही. बँकॉकच्या विजयानंतर लवकरच खुद्द धनराजांस व त्यांच्या सहा सहकाऱ्यांस संघाबाहेर ठेवण्यात आले होते. कीर्तीचा भरवसा इतकाच. म्हणूनच पुस्तक मिटून मैदानावर जा असे आम्ही कोणास सांगणार नाही. परंतु मुलगा धनराज होणार नाही, एवढ्यासाठी त्यास मैदानापासून तोडणे हा कोणता न्याय? ज्याच्या नावावर एकही गोल नाही असा मुलगा दोन वर्षांत खेळ सोडून देतो, कारण आपण निरुपयोगी आहो असे त्यास आपणच शिकविलेले असते. चेंडू वेळेवर दुसऱ्याच्या स्वाधीन करणे, पराभव सोसून पुन्हा उभे राहणे आणि पंचांचा निर्णय मुकाट्याने मानणे हे शिक्षण त्याचे त्याच दिवशी थांबते. मुलींच्या बाबतीत तर हे शिक्षण पुष्कळदा सुरूच होत नाही.

तेव्हा आमची सूचना अगदी साधी आहे. शाळांनी पारितोषिके देताना गोल करणाऱ्याबरोबर गोल अडविणाऱ्याचे व चेंडू पुरविणाऱ्याचेही नाव वाचावे. पालकांनी संध्याकाळी मुलास ‘किती गोल केलेस?’ असे विचारण्यापूर्वी ‘आज कोणाच्या उपयोगी पडलास?’ असे विचारावे. आणि विद्यार्थ्यांनो, विद्यार्थिनींनो, या प्रश्नाचे उत्तर द्यावयास मिळावे म्हणून तरी तुम्ही रोज तासभर मैदानावर जात जा.