भांडण पुण्यात, पण 'किर्लोस्कर' हे नाव मोठं झालं ते पलूस तालुक्यात

सांगली-सातारा पट्ट्यात घराच्या टाकीत पाणी चढवायला पंप घ्यायचा म्हटलं की घरातलं कुणीतरी जुनं माणूस सांगतंच, "किर्लोस्करच घे." 'छोटू' नावाचा त्यांचा लहान पंप तर कित्येक घरांत आहे. पण गेली काही वर्षं याच नावावरून किर्लोस्कर भावांमध्ये कोर्टात वाद सुरू आहे.

हा वाद नेमका काय आहे? आणि नावाला एवढी किंमत कशी आली?

सुरुवात सायकलच्या दुकानातून

मुंबईत शिक्षकाची नोकरी केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं. भाऊ रामूअण्णा सोबत होते, म्हणून नाव पडलं 'किर्लोस्कर ब्रदर्स'. पुढे कडबा कापायची यंत्रं आली, मग लोखंडी नांगर.

नांगर मात्र खपेना. लोखंडानं जमिनीत विष भिनतं, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर विकायला दोन वर्षं गेली.

त्यातच बेळगावची जागा सोडायची वेळ आली. तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा माळ दिला, पैशाचीही मदत केली. १९१० मध्ये तिथं कारखाना आणि वसाहत उभी राहिली. ती किर्लोस्करवाडी. आज ती पलूस तालुक्यात येते. पुढे रेल्वे स्टेशनलाही तेच नाव मिळालं. तिथल्या कारखान्यात आजही पंप तयार होतात.

नाव घरात कसं पोचलं?

नांगर शेतात चालत होता. घरात हे नाव नेलं ते मासिकांनी. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. मूळ हेतू कारखान्याची माहिती देण्याचा होता, पण त्याचं 'किर्लोस्कर' मासिक झालं आणि ते मराठी घरांत वाचलं जाऊ लागलं. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' आलं. म्हणजे ज्या बाईनं कधी नांगर धरला नव्हता, तिच्याही हातात हे नाव पोचलं.

मग वाद कशाचा?

उद्योग वाढत गेला. १९४१ मध्ये हरिहर, १९४६ मध्ये बंगळूर आणि पुण्यात खडकी. पुढच्या पिढ्यांत कंपन्या वाटल्या गेल्या. किर्लोस्कर ब्रदर्स संजय किर्लोस्करांकडे, तर ऑइल इंजिन्स, न्यूमॅटिक, फेरस या कंपन्या अतुल आणि राहुल किर्लोस्करांकडे. २००९ मध्ये कुटुंबात लेखी करार झाला.

२०१७ मध्ये ऑइल इंजिन्सनं अहमदाबादची ला-गज्जर मशिनरीज ही पंप बनवणारी कंपनी घेतली. एकमेकांच्या धंद्यात उतरायचं नाही, हे करारात ठरलं होतं, असं संजय यांच्या बाजूचं म्हणणं. आमची कंपनी त्या करारात पक्षकारच नव्हती, असं ऑइल इंजिन्सचं म्हणणं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. २०२१ मध्ये कोर्टानं मध्यस्थीनं मिटवून घ्या, असं सुचवलं. त्याच जुलैत अतुल-राहुल यांच्या बाजूच्या कंपन्यांनी नवा लोगो आणला आणि १३० वर्षांच्या वारशाचा उल्लेख केला. किर्लोस्कर ब्रदर्सनं थेट सेबीकडे तक्रार केली, की हा वारसा आमचा आहे. समोरच्या बाजूनं आरोप फेटाळले.

डिसेंबर २०२४ मध्ये सेबीनं कौटुंबिक कराराची माहिती जाहीर करायला सांगितलं, तर कंपन्यांनी त्याला हायकोर्टात आव्हान दिलं.

वारसा मोजायचा कसा?

नोंदणीची तारीख बघितली, तर किर्लोस्कर ब्रदर्स १९२० ची आणि आजची ऑइल इंजिन्स २००९ ची. पण इंजिनांचा धंदा १९४६ पासूनचा आहे आणि तोही त्याच घरातून निघालेला. म्हणजे कागद बघितला तर एक उत्तर येतं आणि घराणं बघितलं तर दुसरं.

दोन्ही बाजू ज्या १३० वर्षांवर बोलतात, त्यातला भरवसा मात्र लोखंडी नांगर घ्यायला घाबरणाऱ्या शेतकऱ्यानं तो शेवटी घेतला, तिथून सुरू होतो. शिवाय किर्लोस्करवाडीच्या माळावर काम करायला आलेल्या कामगारांचाही त्यात वाटा आहे. त्यांची नावं कुठल्याच ट्रेडमार्कवर नाहीत.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय?

'किर्लोस्कर' ही एक कंपनी नाही. नाव एक, कंपन्या अनेक आणि मालकही वेगवेगळे. त्यामुळे पंप घेताना मोठ्या अक्षरातलं नाव बघून थांबू नका. पंपावरच्या पट्टीवर आणि बिलावर कंपनीचं पूर्ण नाव वाचा, कारण गॅरंटी आणि सर्व्हिस त्याच कंपनीची असणार. पंप बंद पडला तर आजोबांनी सांगितलेलं नाव नाही, बिलावरचं नावच कामाला येतं.