दोन टक्क्यांपलीकडचे दायित्व

उद्योग समाजाच्या आधारावर उभा राहतो आणि म्हणून समाजाचे ऋण फेडणे हे त्याचे कर्तव्य ठरते, हा विचार भारतीय मनाला नवा नाही. महात्मा गांधींनी विश्वस्तवृत्तीची संकल्पना मांडली, तेव्हा ‘कॉर्पोरेट सामाजिक उत्तरदायित्व’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे रूढही झाला नव्हता. पुढे कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ ने या नैतिक कर्तव्याला कायद्याची चौकट दिली. ५०० कोटी रुपयांचे नक्त मूल्य, १,००० कोटी रुपयांची उलाढाल किंवा ५ कोटी रुपयांचा निव्वळ नफा यांपैकी कोणताही एक टप्पा गाठणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी, ही तरतूद १ एप्रिल २०१४ पासून अमलात आली.

तेव्हापासून कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत शाळेच्या नव्या खोल्या, आरोग्य शिबिरे आणि वृक्षारोपण यांची छायाचित्रे नियमितपणे झळकू लागली. ही कामे स्वागतार्हच आहेत. तथापि, दोन टक्के कोठे खर्च झाले याची जेवढी चर्चा होते, तेवढी उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कसे मिळवले याची होत नाही. खाद्यपदार्थ निर्मितीच्या क्षेत्रात तर हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. कारण या उद्योगाचा कच्चा माल शेतातून येतो, तो पाण्यावर पोसला जातो, असंघटित हातांनी कापला जातो आणि अखेरीस ग्राहकाच्या ताटात पोहोचतो.

नियमांनी आखलेली रेषा

सामाजिक उत्तरदायित्वाच्या नियमांनी एक रेषा स्पष्टपणे आखली आहे. कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेला खर्च, तसेच अन्य कायद्याने बंधनकारक असलेल्या बाबींवरील खर्च या दोन टक्क्यांत धरता येत नाही. सांडपाण्यावर प्रक्रिया करणे, शेतकऱ्याचे पैसे वेळेवर देणे, कामगाराला सुरक्षित ठेवणे ही दानाची नव्हे, तर व्यवसायाचीच कामे आहेत, असा या तरतुदीचा अर्थ होतो. व्यवहारात मात्र अनेकदा उलटा निष्कर्ष काढला जातो. या बाबी दोन टक्क्यांत येत नाहीत, म्हणजे त्यांचा सामाजिक दायित्वाशी संबंधच नाही, असे मानले जाते. वस्तुतः दायित्वाचा गाभा तेथेच आहे आणि दोन टक्के ही केवळ त्याची पुरवणी आहे.

साखर उद्योगाच्या उदाहरणावरून हे अधिक स्पष्ट होईल. बिस्किटे, मिठाई, शीतपेये, जॅम अशा असंख्य पदार्थांच्या मुळाशी साखर असते आणि देशात उत्तर प्रदेश, महाराष्ट्र व कर्नाटक ही राज्ये तिच्या उत्पादनात आघाडीवर आहेत.

सहकाराचा वारसा

महाराष्ट्रात सामाजिक दायित्व हे कलम १३५ च्या कितीतरी आधी कारखान्याच्या आवारात अवतरले होते. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या सुमारास तेथे गाळप सुरू झाले. पुढे वारणानगरसारख्या ठिकाणीही कारखान्याभोवती शाळा, महाविद्यालये, दवाखाने, दूधसंघ आणि ग्राहक भांडारे उभी राहिली. विशेष म्हणजे कलम १३५ हे कंपन्यांना लागू आहे. सहकारी संस्थांना ते लागू होत नाही. कायद्याची सक्ती नसताना ग्रामीण भागाचा कायापालट घडवणारा हा वारसा अभिमानास्पद आहे.

परंतु या उज्ज्वल वारशातही तोच प्रश्न दडलेला आहे. कारखान्याने उभारलेल्या महाविद्यालयाकडे समाजाचे लक्ष गेले. त्याच कारखान्याच्या उसाला लागणारे पाणी आणि तो ऊस तोडणारे हात यांच्याकडे मात्र तितक्या आस्थेने पाहिले गेले नाही.

पाण्याचा ताळेबंद

उसाच्या एका हेक्टरला पारंपरिक प्रवाही सिंचनाने पीककाळात साधारणपणे दोन कोटी लिटर पाणी लागते. हेक्टरी ८० ते ९० टन ऊस आणि दहा-अकरा टक्के साखर उतारा धरला, तर नऊ टनांच्या आसपास साखर मिळते. म्हणजे एक किलो साखरेमागे सुमारे दोन हजार लिटर पाणी खर्च होते. मुबलक पावसाच्या प्रदेशात हा आकडा कदाचित खटकणार नाही. अवर्षणप्रवण मराठवाड्यात मात्र त्याचा अर्थ निराळा होतो. महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाने १९९९ मध्येच तुटीच्या खोऱ्यांतील उसाविषयी सावध केले होते. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून न्यावे लागले, हे दृश्य देशाने पाहिले. दुष्काळाला केवळ ऊस कारणीभूत नव्हता, हे खरे. परंतु पाण्याच्या वाटपात उसाचा वाटा किती असावा हा प्रश्न त्यानंतर टाळता येण्याजोगा राहिला नाही.

कारखान्याच्या आतील चित्र त्या मानाने आशादायक आहे. उसात सुमारे सत्तर टक्के पाणीच असते. रस आटवताना निघणारी वाफ थंड करून ते पाणी पुन्हा वापरल्यास कारखान्याला बाहेरून फारसे ताजे पाणी घ्यावे लागत नाही. उसाच्या चोथ्यापासून वीज तयार होते, प्रेसमडपासून खत मिळते आणि मळीपासून इथेनॉल. आसवनीचे सांडपाणी ही मात्र गंभीर बाब आहे. एक लिटर मद्यार्कामागे साधारण दहा ते पंधरा लिटर तीव्र प्रदूषणकारी सांडपाणी निघते. म्हणूनच केंद्र शासनाने २००३ मध्ये प्रदूषणकारी उद्योगांसाठी जाहीर केलेल्या पर्यावरणीय उत्तरदायित्वाच्या सनदेत साखर कारखाने आणि आसवन्या या दोहोंचा समावेश केला. जो कारखाना नदीकाठी हजार झाडे लावतो, परंतु रात्रीच्या अंधारात त्याच नदीत सांडपाणी सोडतो, त्याच्या वृक्षारोपणाचे मोल शून्य होय.

कोयत्याचा प्रश्न

सर्वांत अस्वस्थ करणारा भाग ऊसतोडणीचा आहे. दरवर्षी गाळप हंगामापूर्वी बीड व लगतच्या जिल्ह्यांतून लक्षावधी कामगार पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे स्थलांतर करतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायको मिळून काम करतात आणि त्या दोघांची मोजणी ‘एक कोयता’ अशी होते. या एकाच शब्दात स्त्रीचे स्वतंत्र श्रम दिसेनासे होतात. तिच्या नावावर वेगळी मजुरी नसते, बाळंतपणाची रजा नसते आणि कामावर न गेल्यास खाड्याचे पैसे कापले जातात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांवर होणाऱ्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. हंगामात खाडा होऊ नये म्हणून स्त्रीला शरीराचा असा सौदा करावा लागत असेल, तर त्या साखरेची गोडी कोणत्या ताळेबंदात मांडावी?

या मुलांसाठी काही ठिकाणी साखरशाळा चालवल्या गेल्या. त्या प्रयत्नांचे मोल कमी लेखता येणार नाही. परंतु ज्या करारामुळे ते मूल आईबापांमागे फडात येते, तो तोडणी-वाहतुकीचा करार कारखान्याच्याच मुख्य व्यवहाराचा भाग आहे. कामगार मुकादमाचा, मुकादम कंत्राटदाराचा आणि कारखान्याचा कोणाशीच थेट संबंध नाही, ही मांडणी कागदोपत्री बिनचूक असेलही. दायित्वाच्या कसोटीवर ती टिकत नाही. नोंदणीकृत कामगार, पती व पत्नीच्या स्वतंत्र खात्यांत जमा होणारी मजुरी, विमा, फडाजवळ पिण्याचे पाणी व स्वच्छतागृह या गोष्टी करारातच लिहिल्या गेल्या, तर त्यांचा परिणाम अनेक शिबिरांहून अधिक होईल.

शेतकऱ्याचे देणे

ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ नुसार ऊस मिळाल्यापासून चौदा दिवसांत त्याचे पैसे देणे बंधनकारक आहे आणि विलंब झाल्यास द. सा. द. शे. १५ टक्के व्याज द्यावे लागते. २००९ पासून या देण्याचा आधार रास्त व किफायतशीर दर, म्हणजेच एफआरपी, हा आहे. तरीही थकीत ऊसबिलांची समस्या उत्तर प्रदेशापासून महाराष्ट्रापर्यंत वारंवार डोके वर काढते. ज्याच्या ऊसबिलावर मुलीचे लग्न, पीककर्जाची परतफेड आणि पुढील लागवड अवलंबून असते, त्या शेतकऱ्याच्या दृष्टीने वेळेवर मिळालेले पैसे हेच सर्वश्रेष्ठ सामाजिक कार्य ठरते.

यावर कारखानदारांचा युक्तिवादही ऐकून घ्यायला हवा. केंद्र शासनाने २०१९ मध्ये साखरेची किमान विक्री किंमत किलोला ३१ रुपये ठरवली. त्यानंतरच्या हंगामांत उसाचा दर मात्र वेळोवेळी वाढत गेला. साखरेचा साठा महिनोन्महिने गोदामात पडून राहतो आणि त्यावरील व्याज वाढत जाते. ही अडचण वास्तव आहे. तथापि, अडचणीचा भार प्रत्येक वेळी शेतकरी, तोडणी कामगार आणि नदी या तिघांवरच का पडावा, या प्रश्नाचे उत्तर त्या युक्तिवादात नाही. शिवाय ठिबक सिंचन, पाण्याचा पुनर्वापर, सहवीजनिर्मिती यांसारखे उपाय खर्चिक असले, तरी पुढे खर्च वाचवणारेही आहेत. शाश्वतता म्हणजे नेहमीच तोटा, हा समज अनुभवाने खोटा ठरत आहे.

बँकेचे स्थान

या साऱ्याशी बँकेचा काय संबंध, असे कोणास वाटेल. संबंध अत्यंत निकटचा आहे. साखरेच्या साठ्यावर मालतारण कर्ज बँक देते, आसवनी व सहवीज प्रकल्पास मुदत कर्ज बँक देते आणि अनेक ठिकाणी तोडणी-वाहतूक कंत्राटदारांना दिली जाणारी उचलही अंतिमतः बँकेच्याच पतपुरवठ्यातून येते. भारतीय रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २००७ मध्येच परिपत्रक काढून सामाजिक उत्तरदायित्व व शाश्वत विकासातील बँकांच्या भूमिकेकडे लक्ष वेधले होते. सेबीनेही २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना व्यवसाय दायित्व व शाश्वतता अहवाल अनिवार्य केला. परंतु बहुतांश साखर कारखाने आणि लहान खाद्यप्रक्रिया उद्योग या कक्षेबाहेर राहतात. त्यांच्या दारापर्यंत पोहोचणारा परीक्षक एकच असतो आणि तो म्हणजे कर्जप्रस्तावाचे मूल्यांकन करणारा शाखेतील अधिकारी.

त्या अधिकाऱ्याने तारण, मार्जिन आणि परतफेडीची क्षमता यांच्या जोडीने आणखी काही प्रश्न विचारावयास हवेत.

१. मागील हंगामातील ऊसबिले चौदा दिवसांत अदा झाली का?
२. कारखान्याच्या कार्यक्षेत्रातील ऊस कोणत्या पाण्यावर उभा आहे आणि त्यातील किती ठिबकाखाली आहे?
३. सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा केवळ बसवलेली आहे की प्रत्यक्ष चालते?
४. तोडणी कामगारांची नोंद, विमा व मजुरी अदा करण्याची पद्धत कोणती?

हे प्रश्न परोपकाराचे नसून जोखीम व्यवस्थापनाचे आहेत. दुष्काळात ऊस न मिळाल्याने बंद पडणारा कारखाना, प्रदूषण मंडळाच्या आदेशाने थांबलेली आसवनी किंवा शेतकऱ्यांच्या आंदोलनामुळे रखडलेले गाळप यांतूनच उद्याचे अनुत्पादित कर्ज जन्म घेते. खाद्य उद्योगाची शाश्वतता आणि बँकेच्या कर्जाची सुरक्षितता या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत.

ग्राहकवर्गाचीही यात भूमिका आहे. अनेक ग्राहक स्वतः ऊस उत्पादक सभासद आहेत, काही खाद्यप्रक्रिया उद्योजक आहेत आणि प्रत्येक जण साखरेचा ग्राहक तर आहेच. सभासदाने वार्षिक सर्वसाधारण सभेत उसाच्या दराबरोबरच पाण्याचा आणि तोडणी कामगारांचा प्रश्न उपस्थित केला, बिस्किटे वा मिठाई बनवणाऱ्या उद्योजकाने खरेदी करताना साखर कोठून व कशी आली याची चौकशी केली, तर परिवर्तनाला निश्चितच वेग येईल.

समाजकार्यासाठी दिलेल्या देणगीचा फलक दर्शनी भागात लागतो. पाण्याचा, मजुरीचा आणि ऊसबिलाचा हिशेब मात्र खातेवहीत आत राहतो. समाजाने, सभासदांनी आणि बँकांनी यापुढे तो हिशेब अधिक बारकाईने वाचण्याची सवय लावून घेणे ही काळाची गरज आहे.