पावती नाही, तर पैसे नाहीत

‘आत्ता व्हिजिटवर जा. तिकडे पोचलास की कंपनी व्हिसा बदलून देते.’ या एका वाक्याने माझा आठवडा खराब केला आहे.

ज्या मुलाला हे सांगितलं गेलं तो खेड तालुक्यातला, ओळखीच्या घरातला. वेल्डिंगमध्ये हात चांगला बसलेला. दहावीला मात्र गणित राहिलं ते राहिलंच. माझ्याकडे लोक कागद वाचून घ्यायला येतात, हे या सदराच्या वाचकांना नवीन नाही. सातबारा, विम्याची पॉलिसी, वाढून आलेलं वीजबिल, सगळ्यांवर इथे लिहून झालं आहे. या वेळी प्लास्टिकच्या पिशवीतून पासपोर्ट निघाला, दुबईच्या व्हिजिट व्हिसाची प्रिंट निघाली आणि जाण्यायेण्याचं तिकीट निघालं. नोकरीचा करार नव्हता. पगाराचा आकडा कुठे लिहिलेला नव्हता. पतसंस्थेत आईचे दागिने गहाण ठेवून उभे केलेले सव्वा लाख रुपये एजंटाला दिले होते, त्याची पावतीही नव्हती.

मी पावतीचं विचारलं, तेव्हा मुलगा अवघडला. ‘पावती कशी मागायची, काका? तो गावातलाच आहे.’

आधी नियम सांगून टाकतो. दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर सहसा ईसीआर असा शेरा असतो. असा माणूस संयुक्त अरब अमिराती, सौदी, कतार, कुवेत, ओमान, बहारीन, मलेशिया अशा ठरावीक १८ देशांत नोकरीला निघाला, की १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे त्याला सरकारची आगाऊ मंजुरी लागते. ती ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावरून मिळते. त्यासाठी नोकरीचा व्हिसा लागतो, करार लागतो, विमा लागतो. एजंट परवानाधारक असावा लागतो आणि त्याला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये व त्यावरचा जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. पर्यटनाला जाणाऱ्याला मात्र ही मंजुरी लागत नाही. नेमक्या याच फटीतून कामगाराला पर्यटक बनवून पाठवलं जातं.

एजंटाच्या बोलण्यात थोडं तथ्य असतं, म्हणून ते पटतं. अमिरातीत व्हिजिट व्हिसावर गेलेल्या माणसाचा व्हिसा तिथल्या तिथे नोकरीच्या व्हिसात बदलता येतो. पण त्यासाठी कंपनीने तिथल्या कामगार मंत्रालयाकडून वर्क परमिट काढावं लागतं. ते हातात येईपर्यंत केलेलं प्रत्येक काम बेकायदा. कंपनीने परमिट काढलंच नाही आणि व्हिजिटची मुदत उलटली, तर रोज ५० दिरहम दंड चढत जातो. हा धोका एजंट सांगत नाही. पैसे घेऊन तो मोकळा झालेला असतो.

आणि पैसे कशाचे? अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यात भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायला मनाई आहे. तो मालकाने सोसायचा. कामगाराचा पासपोर्ट मालकाने ठेवून घ्यायलाही तिथे बंदी आहे. नोकरीचं ऑफर लेटर ठरावीक नमुन्यातलं असतं, ते हिंदीतही मिळतं आणि नंतरच्या करारात त्याहून कमी काही देता येत नाही. म्हणजे तिथला कायदा वेल्डरच्या बाजूने बरंच काही बोलतो. फक्त ते सगळं नोकरीच्या व्हिसावर रीतसर गेलेल्या माणसासाठी आहे. व्हिजिटवर गेलेला वेल्डर तिथल्या दप्तरात वेल्डर नसतोच.

पण या सगळ्यापेक्षा मला त्या मुलाचं ‘तो गावातलाच आहे’ हे जास्त लागलं. खेड, दापोली, महाड, श्रीवर्धन या पट्ट्यात आखाताच्या पैशावर उभी राहिलेली घरं गावोगाव आहेत. कोणाचा मामा कुवेतला होता, कोणाचे वडील वीस वर्षं मस्कतला. त्यांतले पुष्कळ जण गावातल्याच माणसाच्या शब्दावर गेले आणि सुखरूप परत आले. त्या चांगल्या अनुभवावर आजचा सब-एजंट पैसे कमावतो. त्याच्याकडे परवाना नसतो, कायद्यात त्याला जागाच नाही. तो मुंबईतल्या कोणासाठी तरी माणसं गोळा करतो. लग्नात तो आपल्या पंगतीला बसलेला असतो. त्याच्याकडे पावती मागायची म्हणजे त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवायचा, असं घरातल्या मोठ्यांना वाटतं. किराणा दुकानात दहा रुपयांचा हिशेब दोनदा तपासणारी माणसं लाखभर रुपये संकोचापोटी विनापावती देतात. हा संकोच मला अस्वस्थ करतो, कारण त्याची किंमत संकोच करणाऱ्याच्याच घरातून वसूल होते.

पावती ही नुसती पैशाची नोंद नाही. मोठ्या भरतीचा परवाना घेणाऱ्या एजंटाला सरकारकडे ५० लाख रुपयांची बँक हमी ठेवावी लागते. कामगार परदेशात अडकला, तर त्याला परत आणण्याचा खर्च या हमीतून वसूल करता यावा, हा तिचा हेतू. पण या माणसाला अमुक परवान्याच्या एजंटाने पाठवलं, हे सिद्ध कशाने करणार? विम्याचंही तसंच. प्रवासी भारतीय विमा योजनेचा हप्ता दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं, तर दहा लाखांचं संरक्षण. रीतसर मंजुरी घेणाऱ्याला हा विमा काढावाच लागतो. पर्यटक म्हणून गेलेल्याला तो काढायला कोणी सांगत नाही. जून २०२४ मध्ये कुवेतच्या मंगाफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि ४० हून अधिक भारतीय गेले. अशा वेळी घरच्यांच्या हातात कागद असणं आणि नसणं यात फार अंतर पडतं.

ईसीआरचा शेरा हा दहावी नापासाच्या कपाळावरचा शिक्का आहे, असं पुष्कळांना वाटतं. त्यांची चीड मला समजते. जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने ईसीआरवाल्यांना नारिंगी रंगाचा वेगळा पासपोर्ट द्यायचं ठरवलं होतं. लोकांनी विरोध केला आणि तो विचार त्याच महिन्यात सोडून द्यावा लागला. ते योग्यच झालं. विमानतळावरच्या रांगेत माणसाचं शिक्षण दुरून दिसावं, याची गरज नव्हती. पण शेऱ्यामागची मंजुरी वेगळी. ती चुकवणं म्हणजे अपमान टाळणं नव्हे. मालक कोण, पगार किती, राहायची सोय काय, हे निघण्याआधी कोणीतरी तपासण्याचा तो एकमेव टप्पा आहे.

सरकारकडेही मागणं आहे. ही व्यवस्था संकेतस्थळावर आहे आणि जाणारा मुलगा वाडीत आहे. तालुक्याच्या सेतू केंद्रात ई-मायग्रेट उघडून एजंटाचा परवाना तपासून देणारा एक माणूस बसवा. ग्रामपंचायतीच्या फलकावर परवानाधारक एजंटांची यादी लावा. याला फार खर्च येत नाही.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विनंती. पोराला परदेशी जरूर पाठवा, हात चालवणाऱ्याला तिथे काम आहे. पण एजंटाचा परवाना क्रमांक विचारा, तो ई-मायग्रेटवर स्वतः पाहा, नोकरीचा व्हिसा आणि सही केलेला करार हातात आल्याशिवाय तिकीट काढू देऊ नका. शंका आली तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा १८०० ११ ३०९० हा क्रमांक निःशुल्क आहे. एजंट सख्खा भाऊ असला, तरी पावती मागा. ती द्यायला जो कचरतो, त्याच्या भरवशावर पोराला विमानात बसवू नका.