डीप सायकल म्हणे!

परवा एका मित्राने ट्रेलर घेतला. म्हणजे आरव्ही हो, पिकअपमागे ओढत न्यायचं फिरतं घर. इथे अमेरिकेत दहा-बारा वर्षं काढली की आपल्या लोकांना हा किडा चावतोच. फोनवर मोठ्या कौतुकाने सांगत होता, "डीलरने डीप सायकल बॅटरी फुकट दिली!" म्हटलं, लेबल वाच. "मरीन डीप सायकल, ग्रुप २४, आणि सीसीए का काहीतरी लिहिलंय बघ."

झालं! माझं डोकंच फिरलं.

सीसीए म्हणजे कोल्ड क्रँकिंग अँप्स. उणे १८ अंश सेल्सियसला ती बॅटरी ३० सेकंद किती करंट देईल, त्याचा आकडा. बोटवाल्यांचा एमसीए हा त्याचाच भाऊ, फक्त शून्य अंशाला मोजलेला. दोन्ही आकडे इंजिन सुरू करण्यासाठी. आता ट्रेलरला इंजिन असतं का? बैल विकताना तो दूध किती देतो ते सांगण्यातला हा प्रकार आहे. (मोटरहोमला इंजिन असतं, पण त्याची बॅटरी वेगळी आणि घराची वेगळी.)

स्टार्टरच्या बॅटरीत प्लेटा पातळ आणि पुष्कळ असतात, कारण तिला क्षणभर भरपूर करंट द्यायचा असतो. खऱ्या डीप सायकलच्या प्लेटा जाड, कारण तिला रात्रभर थोडा थोडा द्यायचा असतो, आणि असं शेकडो वेळा. "मरीन" नावाने जे खपवतात ते बहुतेक वेळा या दोघींच्या मधलं. दोन्ही कामं करते म्हणतात. करते, अर्धी अर्धी.

हे ज्ञान मला फुकट मिळालेलं नाही. आई नाशिकहून आली होती, तिला ग्रँड कॅन्यन दाखवायला नेलं. साउथ रिमवरच्या मॅथर कॅम्पग्राउंडला ट्रेलर लावला. तिथे विजेचं कनेक्शन नसतं. ऑक्टोबर अखेर, उंची २१०० मीटरच्या आसपास. रात्री तीनला हीटर बंद! प्रोपेनची टाकी भरलेली होती, पण हीटरचा पंखा १२ व्होल्टवर चालतो ना. बॅटरी बसली. वर गॅस अलार्म व्होल्टेज उतरल्यामुळे पिकपिक करायला लागला. रात्री जनरेटर लावायला बंदी. आई दोन रजया आणि माझं जाकीट अंगावर घेऊन बसली होती. म्हणाली, "अरे, गॅस संपला का?" काय उत्तर देणार? सकाळपर्यंत पिकअपचं इंजिन चालू ठेवून तिला पुढच्या सीटवर बसवलं.

हिशोब अगदी सोपा होता, पण डीलरने सांगितला नाही आणि मीही विचारला नाही. हीटरचा पंखा ७-८ अँपिअर ओढतो. थंडीच्या रात्री तो मिळून पाच तास चालला तरी ३५-४० अँप-अवर गेले. माझ्या ग्रुप २४ ची सगळी पुंजी ८० च्या आसपास. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याच्या खाली नेली की तिचं आयुष्य भराभर घटतं, म्हणजे वापरायचे ४०च. थंडीत तेही कमी होतात. दिवे आणि पाण्याचा पंप अजून धरलेच नाहीत!

आणि गंमत सांगू? लोडशेडिंगच्या काळात नाशिकच्या कुठल्याही बॅटरीवाल्याला इन्व्हर्टरला गाडीची बॅटरी लाव म्हटलं असतं तर त्याने वेड्यात काढलं असतं. "साहेब, ट्युब्युलर घ्या." त्या बॅटरीवर १५० एएच, सी २० असं सरळ छापलेलं असतं: २० तासांत सावकाश रिकामी केली तर किती मिळेल. तोच आकडा इथे मागायचा. लेबलवर तो नसेल आणि सीसीए मोठ्या अक्षरात असेल, तर ती बॅटरी तिथेच ठेवायची.

मी नंतर गोल्फ कार्टच्या सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडल्या. साधारण २२० अँप-अवर, त्यातले ११० बिनधास्त वापरायचे. वजन प्रत्येकी २८ किलोच्या घरात, उंचीही जास्त, त्यामुळे डबा बदलावा लागला. पाणी घालावं लागतं. एक मेली की दुसरीही निकामी. तरी हीटर रात्रभर चालतो.

"मग लिथियमच घे ना!" असं हल्ली सगळे सांगतात. घ्या की. लिथियम आयर्न फॉस्फेट वजनाला निम्म्याहून हलकी, आणि जवळजवळ पूर्ण वापरता येते. पण ट्रेलरमधला जुना कन्व्हर्टर १३.६ व्होल्टच देत असेल तर ती धड पूर्ण भरत नाही, आणि शून्य अंशाखाली चार्ज केली तर खराब होते. हे सांगणारा विक्रेता मला अजून भेटायचाय.

मित्राला हे सगळं ऐकवलं. तो शांतपणे म्हणाला, "पण फुकट मिळालीये ना?" पुढच्या महिन्यात तो सासूबाईंना घेऊन यलोस्टोनला चाललाय. म्हटलं, निदान रजया तरी जास्त ने.