बेडकाची पाठ आणि मरळीचे डोळे

ल्युअर म्हणजे गळाला लावायचं नकली आमिष. प्लास्टिकचा मासा, रबरी बेडूक, पत्र्याचा चमचा वगैरे. मंडळी, या वस्तूंच्या दुकानात गेलात तर साड्यांच्या दुकानाची आठवण येईल. एकच बेडूक, पण रंग वीस! आणि आमची भाचेमंडळी लगेच विचारणार, "मामा, कुठला रंग घेऊ?" मला हा प्रश्नच उलटा वाटतो.

आपल्याकडच्या तळ्यांत मरळ शेवाळात, पाणगवतात दबा धरून बसते. तिथे उघड्या गळाचं आमिष टाकलं तर हाती नुसतं गवत येतं. म्हणून पोकळ रबरी बेडूक. त्याचे गळ पाठीलगत लपलेले असतात. मरळीने तोंडात दाबला की ते उघडे पडतात. म्हणजे आधी जागा बघायची, मग प्रकार. रंगाचा नंबर शेवटी.

शिवाय बेडूक तरंगतो पाण्यावर आणि मरळ त्याला बघते खालून. पाठीवरची नक्षी आपल्यासाठी. तिला दिसतं ते पोट, तेही उजेडापुढच्या सावलीसारखं. माशांना रंग कळतच नाहीत असं नाही हं! इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी अमेरिकेतल्या लार्जमाउथ बास माशावर प्रयोग केले, ते २०१९ साली छापून आले. त्या माशाला लाल आणि हिरवा रंग चांगले ओळखता आले. पण पोपटी-पिवळा आणि पांढरा, तसंच निळा आणि काळा, यांत त्याचा गोंधळ झाला. बास म्हणजे मरळ नव्हे, मान्य. पण दुकानातले वीस रंग माशाच्या लेखीही वीसच असतात, हे कशावरून?

माझा हिशोब साधा आहे. निवळ पाण्यात मातकट हिरवा, गढूळ पाण्यात काळा. दोन बेडूक पुरे.

आता खरा मुद्दा. पावसाळ्यात मरळीची तांबूस पिल्लं झुंडीने श्वास घ्यायला वर येतात. खाली आई-बाप राखणीला असतात. त्या झुंडीवर कुठल्याही रंगाचा बेडूक टाका, मरळ तुटून पडते. भुकेने नव्हे, पिल्लांसाठी. मासा हमखास मिळतो म्हणून काही जण अशा झुंडी मुद्दाम शोधत फिरतात. याला मी मासेमारीतलं कौशल्य म्हणणार नाही. राखणदार गेले की पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात, आणि पुढच्या वर्षी तळ्यात मरळ उरली नाही म्हणून आपणच कुरकुरतो.

तेव्हा भाच्यांनो, रंग हवा तो घ्या. तांबूस झुंड दिसली की मात्र रॉड खाली ठेवा.