बायपासनंतर माणूस बदलला, तर विचारायचं कुणाला?

‘ऑपरेशन सक्सेसफुल’ म्हणजे हार्ट नीट चालतंय, एवढंच. डोक्याचं काय, हे कुणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही.

म्हसवडचा माणूस पुण्यात बायपास करून येतो. आयसीयूत दोन रात्री तो सलाईन ओढत असतो, ‘बैलं कुणी सोडली?’ म्हणून ओरडत असतो. घरी आल्यावर हिशेब चुकतो, नावं विसरतो, उगाच चिडतो. गावाचं निदान तयारच असतं: भूल डोक्यात गेली, वय झालं, नाहीतर बाहेरचं असंल.

भूल बिचारी फुकट बदनाम. महाधमनीला चिमटा लावताना आतल्या थराचे कण सुटून मेंदूकडे जाऊ शकतात. मशीनवर असताना रक्तदाब खाली जातो, शरीरभर सूज येते. ऑपरेशननंतर ठोके अनियमित झाले तर गुठळी होते. आयसीयूतल्या त्या बडबडीला डेलिरियम म्हणतात. म्हाताऱ्या पेशंटमध्ये तो नेहमीचाच, आणि बहुतेकांचा ओसरतो.

हे नवीनही नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने 2001 साली 261 बायपास पेशंटचा अभ्यास छापला. डिस्चार्जच्या वेळी 53 टक्के लोकांची स्मरणशक्ती-एकाग्रता आधीपेक्षा घसरलेली होती, सहा महिन्यांनी 24 टक्के. पाच वर्षांनी आकडा पुन्हा 42वर गेला. पण पुढच्या अभ्यासांत ऑपरेशन न झालेल्या हृदयरुग्णांचीही तशीच घसरण दिसली, म्हणजे उशिराचा दोष बराचसा मूळ आजाराचा. त्यामुळे बायपास टाळा, असं कुणी यातून काढू नका. गरज असेल तर करायचाच.

माझं भांडण वेगळं आहे. ‘सांगितलं तर लोक घाबरतात’ म्हणे. मग संमतीपत्रावर इंग्रजीत ‘स्ट्रोक’ लिहून अंगठा घेताना घाबरत नाहीत का? माझ्या चुलत्यांच्या डिस्चार्ज कार्डावर टाके, गोळ्या, मीठ-तेल सगळं होतं. मेंदूबद्दल एक ओळ नव्हती. आम्ही साधं ॲप रिलीज केलं तरी महिनाभर त्याच्यावर नजर ठेवतो हो!

मागणी फार नाही. ऑपरेशनच्या आधी दहा मिनिटांची स्मरणचाचणी, सहा आठवड्यांनी तीच पुन्हा. आणि मराठीत एक पान: गोंधळ झाला तर घाबरू नका, पण डॉक्टरांना कळवा, चष्मा, कानाचं मशीन जवळ द्या, ओळखीचं माणूस शेजारी बसवा. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर सकाळची वाट बघू नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच द्यावं लागतं. नुकतं ऑपरेशन झालेल्याला ते चालतंच असं नाही, पण तो निर्णयही मोठ्या हॉस्पिटलातच होतो. आणि म्हसवडहून साताऱ्याला पोचायलाच दोन तास जातात.