जन्मानेच आरोपी

मराठेशाहीत गावाची राखण रामोशी करीत आणि फौजांना धान्य पुरवायला बंजाऱ्यांचे तांडे चालत. १८१८ मध्ये इंग्रजांचा अंमल आल्यावर रामोशांचे हक्क आक्रसत गेले, पुढे रेल्वेने तांड्यांच्या बैलांचे काम काढून घेतले, आणि ज्यांच्या भरवशावर गाव निर्धास्त झोपत होते त्यांच्याचकडे संशयाने पाहिले जाऊ लागले.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने या संशयाला शास्त्राचा आव दिला. सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगारच निपजणार, असे त्यामागचे तर्कशास्त्र होते. इंग्रजांच्या जुलमाची ही गोष्ट सांगताना आपण एक भाग सोयीस्करपणे वगळतो: धंदा जन्माने ठरतो ही शिकवण त्यांना आपल्याच गावगाड्यात तयार मिळाली होती. एखादी जमात सरकारच्या गुन्हेगार जमातींच्या यादीत आली की त्या निर्णयाला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येत नसे. १९११ मध्ये कायद्याची व्याप्ती मुंबई इलाख्यापर्यंत आली. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे या जमातींच्या सक्तीच्या वसाहतीत, तारेच्या कुंपणाआड कुटुंबेच्या कुटुंबे राहिली. माणसे गिरणीत राबायची, हजेरी द्यायची आणि परवान्याशिवाय परगावी जाऊ शकत नसत. पाळण्यातल्या मुलाचा गुन्हा कोणता, हे विचारायची सोय त्या व्यवस्थेत नव्हती.

ही नजर फक्त इथलीच नव्हती. याच काळात, १८९९ साली, जर्मनीत म्युनिकच्या पोलिसांनी रोमा या भटक्या लोकांची माहिती गोळा करणारे खास कार्यालय उघडले. त्या नोंदी पुढे नाझींच्या हाती पडल्या आणि लाखो रोमा मारले गेले. त्याहून विचार करायला लावते ती युद्धानंतरची गोष्ट. १९४० मधल्या रोमांच्या हद्दपारीमागे वंशद्वेष नसून गुन्हेगारीचा बंदोबस्त होता, असे पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १९५६ साली म्हटले. राजवट पार बुडाली, तिच्या नेत्यांवर खटले चालले, तरी भटक्याकडे पाहण्याची नजर न्यायाधीशांच्या आसनापर्यंत शाबूत राहिली.

आपल्याकडे ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला आणि जमाती 'विमुक्त' झाल्या. पण संशय गेला नाही: १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' ही या जमातींतल्या लेखकांची आत्मकथने आली, दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले, वाचकवर्ग हळहळला.

मग १ जुलै २०१८ उजाडला. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याच्या आठवडी बाजारात मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे पाच जण आले होते. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याची अफवा मोबाइलवर आधीच पसरली होती. त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून जमावाने ठेचून मारले. मारणारेही गरीब, बहुतेक आदिवासी पाड्यांवरचे. उपेक्षा सोसलेला माणूस दुसऱ्या उपेक्षिताला आपोआप ओळखतो, असे मानण्याची सवय आपण सोडली पाहिजे.

ऑक्टोबर २०२४ मध्ये विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक करू नका, असे सर्वोच्च न्यायालयाला पोलिसांना बजावावे लागले. कायदा जाऊन तेव्हा बहात्तर वर्षे झाली होती. हा आदेश पोलिसांपुरता आहे, राईनपाड्यात हात उचलणारे मात्र तुमच्या-आमच्यासारखे नागरिक होते. शाळेत जालियनवाला बाग शिकवताना सोलापूरच्या तारेच्या कुंपणाचा धडाही शिकवायला हवा, आणि त्यात गावगाड्याचा वाटा स्वच्छ शब्दांत लिहायला हवा.